गुणी पाहुणी आणि टर्कीची पाई

आमची जुई त्या घरात पाहुण्यासारखी राहत होती, आणि पाहुणी इतकी गुणी की तिच्याकडे बघून मला रडू यायचं. चार वर्षांचं पोर, पण खुर्चीच्या कडेवर पाय जुळवून बसायचं. "पाणी घेऊ का?" असं विचारून पाणी प्यायचं आणि पेला विसळून पालथा घालायचं. मी ताटात काहीही वाढलं की दोन घास खाऊन म्हणायचं, "छान आहे." मग हात पुसून उठायचं. एकदा बटाट्याच्या भाजीत मी मीठच विसरले होते. सुधीरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. जुई शांतपणे म्हणाली, "छान आहे." सासुरवाशिणीलासुद्धा जमणार नाही असं ते 'छान आहे' होतं.

चौदा महिन्यांची असताना तिला आम्ही कराडला माझ्या आईपाशी ठेवलं होतं. सहाच महिने, असं ठरलं होतं. सुधीरला आयर्लंडमध्ये रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात नोकरी लागली, मला तिथल्याच दुसऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. जरा बस्तान बसू दे, घर मिळू दे, एक हिवाळा तरी निघू दे, असं करत करत त्या सहा महिन्यांची अडीच वर्षं झाली. मधे एकदा आम्ही जाऊन आलो, तेव्हा ती आईच्या पदराआडून माझ्याकडे बघत होती, आणि मी मूर्खासारखी तिला चॉकलेटचा डबा दाखवत होते. शेवटी त्या वर्षी दिवाळीनंतर तिला घेऊन आलो. मला वाटलं होतं, पोर विमानातच गळ्यात पडेल. गळ्यात कसली पडतेय! तिनं हवाई सुंदरीला विचारलं, "या कुठं बसणार?" 'या' म्हणजे मी.

माझ्यासाठी तिच्याजवळ शब्दच नव्हता. 'आई' हा शब्द कराडात आधीच खर्ची पडला होता. माझ्या आईला घरादारात सगळेच आई म्हणतात, म्हणून तीही म्हणायला लागली. मला हाक मारायची वेळ आली की ती जवळ येऊन उभी राहायची आणि मी मान वळवेपर्यंत थांबायची. कधीकधी पाच पाच मिनिटं. पोळ्या लाटताना पाठीशी कुणीतरी श्वास घेतंय असं जाणवायचं आणि मी दचकायचे.

आता त्या काळची मी कशी होते ते सांगते, म्हणजे तुमची करमणूक होईल. पस्तिशीची, एम.एस्सी. झालेली, आणि स्वतःला जगातली सर्वात व्यवस्थित बाई समजणारी. आमच्या प्रयोगशाळेत एक देववाक्य होतं : जे लिहिलं नाही, ते घडलंच नाही. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर सही. मी ते व्रत घरी आणलं. फ्रिजच्या दारावर एक कागद लावला, पट्टीनं रकाने आखले : तारीख, वेळ, पदार्थ, किती खाल्लं, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शेरा, 'छान आहे'. किती खाल्लं, तर दोन घास, दीड घास, दोन घास. आज तो कागद आठवला की त्या बाईला खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. अगं, पोरीला मांडीवर घे! पण मांडीवर घेतलेलं कुठल्या रकान्यात लिहायचं, हे तिला माहीत नव्हतं.

जुई खायची ती शेजारी, ब्रीडाकडे. कॅरिगलाईनमधली आमची घरं जोडीजोडीनं बांधलेली, मधे एकच भिंत. ब्रीडा साठी उलटलेली विधवा. मुलगे परदेशी, घरात एक लठ्ठ मांजर आणि अखंड चालू असलेला टीव्ही. आम्ही कामावर असताना जुईला ती सांभाळायची. घरी लवकर आले की भिंतीपलीकडून मला हसणं ऐकू यायचं. खदाखदा, पाय आपटत. आधी मला वाटायचं, टीव्हीवरचं कुणीतरी पोर असेल. मग एक दिवस त्या हसण्यात "थांब थांब, मी, मी!" असे मराठी शब्द ऐकले आणि मी भिंतीला कान लावून उभी राहिले. ब्रीडाकडे ती बटाट्याचा लगदा खायची, वाटाणे खायची आणि पाई तर ताट चाटूनपुसून खायची. पाई म्हणजे मांस आणि भाज्यांचं दाट सारण बशीत घालायचं, वर मैद्याची पोळी पांघरायची आणि ओव्हनच्या भट्टीत खरपूस भाजायचं. "तुझी पोर खाते गं, घोड्यासारखी खाते!" ब्रीडा मला कौतुकानं सांगायची. मी हसून 'थँक यू' म्हणायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

डिसेंबरात एकदा जेवताना सुधीर ताटाकडे बघत म्हणाला, "आमचा देशपांडे जानेवारीत पुण्याला चाललाय. जुईला नाहीच रमलं, तर त्याच्याबरोबर पाठवायचं का? वर्षभर. मग बघू."

"बघू," मी म्हणाले. तो शब्द तोंडातून गेला तेव्हा जुई आमच्यासमोरच बसली होती. तिनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि पेला विसळायला उठली.

नाताळच्या जेवणाला ब्रीडानं आम्हाला बोलावलं होतं. मी नाही म्हणाले. लोकांच्या सणाला आपण उपऱ्यासारखं कशाला जायचं? शिवाय मार्गशीर्ष संपून दोनच दिवस झाले होते, महिनाभर घरात अंडंसुद्धा आलं नव्हतं, तर मांसाहाराचा पहिला मान माझ्या हातच्या स्वयंपाकाचा असं माझ्या मनात. मी दिवसभर राबून बिर्याणी केली. जुईनं अडीच घास खाल्ले. शेरा तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे स्टीफन्स डेला, ब्रीडानं सकाळीच जुईला मागून नेलं. "मला सोबत हवी," म्हणाली. दुपारी सुधीर आणायला गेला तर पोर ब्रीडाच्या सोफ्यावर झोपलेली. तिला तसंच उचलून आणून त्यानं आमच्या सोफ्यावर ठेवलं. पाच मिनिटांनी स्वयंपाकघराचं मागचं दार वाजलं. दारात ब्रीडा, अंगात कोट, एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात चंदेरी कागदानं झाकलेला वाडगा.

"उरलेली टर्की आहे गं, थोडीशी. मला कोव्हला बहिणीकडे जायचंय, गाडी आलीय न्यायला. पोरगी उठली की सांगेल तुला सगळं," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

मी कागद उचलून बघितलं. मांसाचे बारीक बारीक तुकडे. कापलेले नव्हेत, ओरबाडलेले. कुठे लांब धागा, कुठे बोटाच्या पेराएवढा गोळा, कुठे कातडीचं टोक. हाडाला चिकटलेलं खरवडून काढावं तसं.

आता इथे माझं कराड आडवं आलं. आमच्याकडे दिवाळी सरली की आई उरलेला फराळ डब्यात भरून कमळाबाईंना द्यायची, त्या आमच्याकडे धुणंभांडी करायच्या. तो डबा नेहमी मागच्या दारातून जायचा. पुढच्या दारातून पाहुण्यांना ताजं, मागच्या दारातून कमळाबाईंना शिळं. हा नियम मला कुणी शिकवला नव्हता, तो माझ्या हाडात होता. आणि इथे मी, एम.एस्सी., स्वतःच्या घराच्या मागच्या दारात उभी राहून कुणाच्यातरी सणाचं शिळं हातात घेत होते. तेही असलं, मांजरापुढे टाकावं तसलं. आयर्लंडमध्ये पुढचं दार पाद्री, पोलीस आणि परक्यांसाठी असतं, घरची माणसं मागूनच येतात, हे कळायला मला आणखी किती वर्षं लागली ते विचारू नका.

"आम्ही काय भिकारी आहोत?" मी सुधीरला म्हटलं.

"अगं, प्रेमानं दिलंय. राहू दे ना फ्रिजमध्ये."

"प्रेमानं? त्यांच्या मांजराला पण प्रेमानंच देत असतील." पायानं कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून मी वाडगा उपडा केला, वर गाळणीतला चहाचा चोथा झटकला आणि वाडगा लख्ख घासून ठेवला. फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मी गाणंसुद्धा गुणगुणले.

तासाभरानं जुई उठली. डोळे चोळत सरळ स्वयंपाकघरात आली आणि न विचारता फ्रिज उघडला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी बघतच राहिले. तिनं खालचा कप्पा बघितला, टाचा उंचावून वरचा बघितला.

"माझी कोंबडी कुठाय?"

"कुठली कोंबडी?"

"ब्रीडाची मोठी कोंबडी. मी काढलीय. हातानं." तिनं दहाही बोटं हवेत नाचवली. "पाई करायचीय ना. मी सांगितलंय ब्रीडाला, आज आमच्या घरी पाई. आम्ही दोघी करणार."

सुधीरनं वर्तमानपत्र खाली घेतलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. आणि मग त्या पस्तीस वर्षांच्या, व्यवस्थित, प्रत्येक चिठ्ठीवर सही करणाऱ्या बाईनं चार वर्षांच्या मुलीला सांगितलं, "अगंबाई, ती होय? ती मांजरानं नेली."

जुईनं मागच्या दाराकडे बघितलं. दार बंद होतं. ओट्यावरच्या लख्ख वाडग्याकडे बघितलं. मग ती कचऱ्याच्या डब्याशी गेली, दोन्ही पायांनी त्याच्या दांडीवर उभी राहिली आणि आत वाकली.

"तू टाकलंस!"

तो आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. "मांजरानं नाही! तू टाकलंस! खोटारडी! मी केलं होतं, मी एकटीनं केलं होतं, ब्रीडाला हात लावू दिला नाही!" ती माझ्या अंगावर धावून आली आणि मुठींनी माझ्या पोटात, मांडीवर, जिथे पोचेल तिथे मारायला लागली. "हाडानं माझं बोट पण कापलं! हे बघ! हे बघ ना!" डाव्या हाताच्या तर्जनीवर निळी पट्टी होती, वर अस्वलाचं चित्र. मी ती बघितलीच नव्हती. रकाने आखणाऱ्या बाईला आपल्या पोरीच्या बोटाची पट्टी दिसली नव्हती. "मला आईकडे जायचंय! आत्ता! मला नाही राहायचं हिच्याकडे!"

सुधीरनं तिला उचलायचा प्रयत्न केला तर तिनं त्यालाही लाथ मारली. शेवटी मीच फोन कार्डावरचे ते लांबलचक आकडे फिरवून कराडला फोन लावला. जुईनं तो हिसकावला. "आई, हिनं टाकलं बघ सगळं! कचऱ्यात! वर चहा टाकला!" मग नुसतं रडणं. आई पलीकडून काय म्हणत होती कोण जाणे, पण बऱ्याच वेळानं फोन माझ्या हातात आला.

"काय गं वैजे, काय टाकलंस?"

मी सांगितलं. टर्की म्हणजे काय तेही सांगावं लागलं.

"शिळं टाकायला कधीपास्नं शिकलीस? तुझ्या लग्नातली बुंदी आपण पंधरा दिवस खाल्ली, इसरलीस?"

"आई, ती म्हणतेय तिला तुझ्याकडे यायचंय."

आई म्हणाली, "दे पाठवून. मी हाय की अजून." मग म्हणाली, "हितनं गेल्यापास्नं फोनवर एकदा रडली न्हाई पोरगी. 'आई, मी बरी आहे' म्हणायची. मोठ्या माणसागत. मला ते बरं न्हाई वाटायचं." आणि लगेच विचारलं, "अजून रडतीय?"

"हो. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीयस? जा, नाक पूस तिचं."

मी नाक पुसायला गेले. तिनं माझा हात झटकला आणि नाक आपल्या बाहीला पुसलं. माझ्याशी बोलली नाही, जेवली नाही, 'छान आहे'सुद्धा म्हणाली नाही. झोपायला गेली तेव्हा सुधीर हळूच म्हणाला, "देशपांडेला सांगावं लागेल गं, तिकिटाचं." पोरीला परत पाठवायचं आणि पुन्हा अडीच वर्षांनी विमानात तिच्या शेजारी 'या' होऊन बसायचं, एवढंच मला डोळ्यांपुढे दिसत होतं.

सकाळी ब्रीडाच्या खिडकीत दिवा दिसला तशी मी गेले. तिच्या मागच्या दारानं गेले. वाडगा पुढे केला आणि सगळं सांगितलं. मांजराचं सोडून, ते सांगायची लाज वाटली. मग तेही सांगितलं, कारण मांजर समोरच बसलं होतं.

ब्रीडा हसली नाही. मला वाटलं होतं हसेल, किंवा 'ग्रँड आहे गं, काही नाही' असं म्हणेल. त्या लोकांचं घर जळत असलं तरी ग्रँड असतं. ती खुर्चीत बसली. "दीड तास उभी होती ती तुझी पोर स्टुलावर. मी मदत करते म्हटलं तर मला ढकललं. मी म्हटलं, इतकं बारीक नको काढूस. तर तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, घरी ती दमून येते, तिला काम नको." मग म्हणाली, "मला तुझा राग आलाय, हे सांगून ठेवते."

"हो," मी म्हणाले.

ती उठली. शेगडीवरच्या मोठ्या पातेल्यात टर्कीचा सांगाडा होता, सूप करायला ठेवलेला. तिनं तो अख्खा सांगाडा चिमट्यानं उचलून ताटात ठेवला आणि ताट माझ्या हातात दिलं. "यावर अजून आहे, शोधणाऱ्याला सापडेल. लीक घे, गाजर घे. लोणी, मैदा, दूध."

"किती ग्रॅम?"

"जा गं बाई," ब्रीडा म्हणाली.

घरी येऊन मी ताट टेबलावर ठेवलं आणि भट्टी उघडली. आमच्या भट्टीत तोवर तवे, कढया आणि इडलीपात्र राहत होतं. घर घेतल्यापासून ती एकदाही पेटली नव्हती. भांड्यांच्या खणखणाटानं जुई दारात येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे वळले नाही. सांगाडा पुढे ओढला आणि सुरीनं खरवडायला लागले.

"असं नाही," मागून आवाज आला.

मी खरवडत राहिले.

"असं नाही! हातानं काढायचं. हाडाच्या मागं असतं." ती स्टूल ओढत आली, चढली, आणि बरगड्यांच्या आतून बोट घालून मांसाचा एक लांब तुकडा काढून मला दाखवला. माझ्याकडे बघून नव्हे, तुकड्याकडे बघून. तासभर आम्ही दोघी त्या हाडांत बोटं घालून बसलो होतो. ती मला रागावत होती, "ही कातडी आहे, कातडी नाही घ्यायची," आणि मी 'बरं' म्हणत होते. आयुष्यात इतक्या वेळा 'बरं' मी सासूलाही म्हटलं नव्हतं. मैदा मळताना लोणी जास्त झालं, तो हाताला चिकटायला लागला. पोळी लाटली तर फाटली, ठिगळ लावलं. बशीवर पांघरल्यावर मी कडा काट्यानं दाबणार होते, पण जुईनं काटा बाजूला सारला आणि करंजीला घालतात तशी मुरड घालायला लागली. कराडला आईनं शिकवलेली. चिमुकल्या बोटांची ओबडधोबड मुरड, एका बोटाला निळी पट्टी. मी नुसती बघत होते.

सारणात मी काय घातलं हे मात्र मी तिच्यापासून लपवलं. ब्रीडाचं ते पांढरं, मिळमिळीत प्रकरण मला पटेना. लीकवर, म्हणजे त्या जाड पातीच्या कांद्यावर, मीठ घातलं, टर्कीवर घातलं, आणि मग कराडहून आणलेला कांदा-लसूण मसाला दोन चमचे. मूर्खपणाची सवय एका रात्रीत सुटत नाही.

पाई भट्टीतून निघाली ती एका बाजूला फुटलेली, आतलं सारण लाल होऊन बाहेर उकळत आलेलं, मधोमध ठिगळ कच्चं आणि कडेची मुरड काळपट. सुधीरनं तीन ताटं मांडली. मी जुईला वाढलं. तिनं फुंकर मारली. एक घास घेतला. चावला. मला पक्कं माहीत होतं ती काय म्हणणार.

तिनं तोंड वाकडं केलं. जीभ बाहेर काढली आणि बोटानं पुसली.

"घाण झालंय," ती म्हणाली. "किती मीठ घातलंस? आणि तिखट का घातलंस? मी सांगितलं होतं का तुला तिखट घालायला? ब्रीडाचं चांगलं असतं. तुला काही येत नाही, वैजू!"

वैजू. सुधीर मला ज्या नावानं हाक मारतो, ते नाव तिनं ऐकून ठेवलं होतं, आणि त्या दिवशी वापरायला काढलं. आजही ती मला वैजूच म्हणते. तिची मुलगी मला आजी म्हणते आणि मधूनमधून आपल्या आईकडे बघून विचारते, तू आजीला नावानं का बोलावतेस? जुई खांदे उडवते. 'आई' ती कराडलाच म्हणत राहिली, माझी आई होती तोपर्यंत. मी त्या शब्दासाठी कधी भांडले नाही. भांडायला तोंड नव्हतं.

पण तेव्हा, त्या टेबलाशी, मी सुधीरला म्हटलं, "देशपांडेला फोन कर. म्हणावं, जुई येत नाहीये."

"खरंच?" तो म्हणाला. जुईकडे बघायला लागला.

जुईचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती खुर्चीत मागे रेलून, एक पाय खुर्चीवर घेऊन कडेची मुरड तेवढी मोडून मोडून खात होती. सगळी मुरड संपली. मग तिनं आपलं ताट उचललं, आणि उरलेलं सगळं, तिखट सारण, कच्चं ठिगळ, अर्धवट चावलेलं गाजर, माझ्या ताटात ढकललं.

"हे तू खा," ती म्हणाली.

मी खाल्लं. खरंच घाण झालं होतं.